तीर्थनकाठचा वसंत : ट्राउट मासा, त्याची गळमासेमारी व तिचे नियम

फाल्गुन सरत आला की आपल्याकडील ओढे आटू लागतात. म्हादईच्या वरच्या अंगास, तिळारीच्या खोऱ्यात किंवा मलप्रभेच्या उगमाकडे कणकुंबीच्या बाजूस गेल्यास पाण्याची अखंड धार तुटून डोह तेवढे उरलेले दिसतात. नेमक्या याच दिवसांत, येथून सरळ रेषेत सुमारे अठराशे किलोमीटर उत्तरेस, हिमाचल प्रदेशाच्या कुलू जिल्ह्यातील नद्यांवर एका माशाचा हंगाम उघडतो. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तेथे ट्राउट धरण्यास बंदी असते. मार्च उजाडला की परवानाधारक हौशी मंडळी काठी, चरखी आणि पिसांच्या बनावट कीटकांनी भरलेली लहानशी डबी घेऊन पाण्यात उतरतात.

गोमंतकातील वा सीमाभागातील वाचकास या माशाशी काय कर्तव्य, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि ग्रामपंचायतींच्या बैठकांत आणि शाळांच्या भेटींत एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो : काश्मीर-हिमाचलात ट्राउट सोडून पर्यटन वाढविले, तर आपल्या ओढ्यांत तो का सोडीत नाहीत? या प्रश्नाचे सरळ उत्तर 'येथे तो जगणार नाही' एवढेच आहे. परंतु तो तेथे का जगतो, कोणत्या अटींवर जगतो आणि त्यास धरणारा माणूस स्वतःवर कोणती बंधने घालून घेतो, हे समजून घेतल्यास आपल्याच नद्यांविषयी काही उपयुक्त गोष्टी हाती लागतात. त्यासाठी हा लेख.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की ट्राउट हा मूळचा भारतीय मासा नव्हे. अंगावर काळे व तांबडे ठिपके असलेला तपकिरी ट्राउट युरोपातला, आणि बाजूस गुलाबी पट्टा असलेला इंद्रधनुषी ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या देशातील हा छंद हिंदुस्थानात आणण्याची खटपट एकोणिसाव्या शतकातच आरंभिली होती. निलगिरीत १८६० च्या दशकात झालेले पहिले प्रयत्न फसले. काश्मीरसाठी १८९९ मध्ये इंग्लंडहून पाठविलेली अंडी प्रवासाच्या उष्म्याने वाटेतच मेली. त्यानंतर १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली खेप जगली आणि श्रीनगरजवळ तिची जोपासना झाली. या कामी श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालविणाऱ्या फ्रँक मिचेल या गृहस्थाने पुढाकार घेतला होता. गालिचे विणविणारा माणूस मत्स्यखात्याचा आद्य प्रवर्तक ठरावा, हा इतिहासाचा एक गमतीदार योगायोग म्हणावा लागेल. काश्मीरहून अंडी नेऊन १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात महिली येथे हॉवेल या अधिकाऱ्याने अंडी उबवण्याचे केंद्र काढले, आणि तेथून बियास व तिच्या उपनद्यांत तपकिरी ट्राउट पसरला. निलगिरीतही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विल्सन याच्या प्रयत्नांनी इंद्रधनुषी ट्राउट अखेर स्थिरावला. अलीकडे हिमाचलातील खाजगी व सरकारी तळ्यांत खाण्यासाठी जो ट्राउट वाढवितात तो प्रामुख्याने हा दुसरा होय. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेच्या साहाय्याने पतलीकुहल येथे या शेतीस मोठी चालना मिळाली. आपला विषय मात्र तळ्यातला मासा नसून नदीत स्वतःच्या बळावर जगणारा मासा हा आहे.

ट्राउटचे सारे आयुष्य एका गोष्टीशी बांधलेले आहे, आणि ती म्हणजे थंड पाणी. साधारण दहा ते सोळा अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो भरपूर खातो व वाढतो. वीस अंशांच्या पुढे तो कासावीस होतो, आणि पंचविसाच्या आसपास तपकिरी ट्राउटचा निभाव लागत नाही. याचे एक कारण शालेय विज्ञानात सांगितलेले असते : पाणी जितके थंड तितका त्यात विरघळलेला प्राणवायू अधिक. समुद्रसपाटीच्या दाबाला दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो. वीस अंशांना तो सुमारे ९.१ वर व तीस अंशांना साधारण ७.६ वर येतो. उलट पाणी तापू लागले की माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे उत्पन्न घटावे आणि खर्च वाढावा, अशी त्या गरीब जिवाची अवस्था होते.

दुसरी अट तळाची. तपकिरी ट्राउट थंडीच्या तोंडावर, म्हणजे आपल्या कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास अंडी घालतो. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी नदीतळाच्या बारीक गोट्यांत खळगा करते, त्यात अंडी सोडते, नर त्यांवर वीर्य सोडतो, आणि मादी पुन्हा गोटे लोटून तो खळगा झाकते. पाण्याचे तापमान पाच अंशांच्या जवळपास असेल, तर अंडी फुटण्यास अडीच ते तीन महिने लागतात. बाहेर पडलेले पिल्लू पोटाशी असलेल्या बलकाच्या पिशवीवर आणखी काही आठवडे गोट्यांच्या फटींतच राहते. या सर्व काळात त्या फटींतून स्वच्छ पाणी खेळत राहिले पाहिजे. वरून माती, रेती वा रस्त्याच्या कामाचा राडारोडा येऊन बसला, तर फटी बुजतात आणि अंडी गुदमरून मरतात. वरून वाहणारे पाणी मात्र तसेच राहते, त्यामुळे पुलावरून पाहणाऱ्यास काही कळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बंदीचा काळ कोणा अधिकाऱ्याने आपल्या सोयीने ठरविलेला नसून माशाच्या प्रसूतीच्या पंचांगावरून काढलेला आहे, हे यावरून ध्यानात येईल.

आता वसंत का, याचा विचार करू. मार्च-एप्रिलात वरच्या शिखरांवरील बर्फ वितळण्यास नुकता प्रारंभ झालेला असतो. नदी उतरलेली, निवळ आणि हिरवट काचेसारखी पारदर्शक असते. मे-जून महिन्यांत हिमनदीच्या पाण्यावर पोसलेल्या नद्या दुधाळ व रोंरावत्या होतात, आणि आषाढ-श्रावणात पावसाचा गढूळ लोंढा येतो. म्हणून माशास दिसावे आणि माणसास मासा दिसावा, असे दिवस वसंतात व नंतर पाऊस ओसरल्यावर शरदात तेवढे मिळतात. शिवाय हिवाळाभर अर्धपोटी राहिलेला ट्राउट वसंतात भुकेलेला असतो, आणि त्याची भूक भागविणारे खाद्यही याच सुमारास मोठ्या संख्येने पाण्यावर येऊ लागते.

हे खाद्य म्हणजे नदीच्या तळातील कीटक. लेखाचा खरा गाभा येथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाहत्या ओढ्यातील गुडघाभर पाण्यातला एखादा नारळाएवढा दगड उचलून उलटा केला, तर त्याच्या खालच्या अंगास काही चपटे, चपळ जीव सरपटताना दिसतात. ज्यांच्या शेपटीकडे बहुधा तीन बारीक तंतू असतात व पोटाच्या दोन्ही बाजूंस पानासारखे कल्ले हलत असतात, ती मे-फ्लाय या कीटकाची बाल्यावस्था होय. ज्यांना दोनच तंतू व पायांस दोन-दोन नख्या असतात, ते स्टोनफ्लायचे पिल्लू. आणि दगडास चिकटलेली वाळूच्या कणांची वा काटक्यांची बारीक नळी दिसली, तर तिच्या आत कॅडिस नावाच्या कीटकाची अळी असते. आपल्या तोंडातून निघणाऱ्या रेशमी धाग्याने कण जोडून ती हे घर बांधते. यांतील मे-फ्लायचे चरित्र विलक्षण आहे. महिनोन्महिने, कधी वर्षाहून अधिक काळ ती पाण्याखाली शेवाळ व कुजलेला पाला खाऊन काढते. मग एके दिवशी पृष्ठभागाकडे येते, अंगावरची कात फाटते, आणि पंख फुटलेला कीटक क्षणभर पाण्यावर तरंगत पंख वाळवितो. प्रौढ झाल्यावर त्यास खाण्याजोगे तोंडच नसते. काही तास, फार तर एखाद-दोन दिवस उडायचे, जोडी जमवायची, मादीने पाण्यावर येऊन अंडी सोडायची आणि तेथेच पंख पसरून मरायचे, एवढाच त्याचा संसार. तळातून वर येताना, पंख वाळविताना आणि मरून वाहत जाताना, अशा तीनही वेळी ट्राउट टपलेला असतो.

या कीटकांपैकी बहुसंख्य जाती घाण सहन करीत नाहीत. सांडपाणी, जंतुनाशके, गाळ यांपैकी काहीही वाढले, तर मासा मरण्याच्या कितीतरी आधी दगडाखालचे हे जीव नाहीसे होतात. म्हणूनच पाण्याची परीक्षा करणारे शास्त्रज्ञ रासायनिक तपासणीच्या जोडीला या जीवांची मोजणी करतात. बाटलीतील नमुना त्या क्षणाचे पाणी सांगतो, तर दगडाखालचा जीव मागल्या कित्येक महिन्यांचे पाणी सांगतो.

या कीटकाची नक्कल करून मासा धरणे म्हणजे फ्लाय-फिशिंग. येथे मराठीत एक गमतीची अडचण उभी राहते. मासा आणि माशी हे शब्द विभक्तीत इतके जवळ येतात की 'माशांना माश्या' असे लिहिले, तर मुद्रितशोधकाने चूक आपल्याच पदरी घेऊन ती दुरुस्त करावयाची! यास्तव या बनावट कीटकास येथे 'फ्लाय' असेच म्हणत आहे.

ही युक्ती पुरातन आहे. एलियन या रोमन ग्रंथकाराने इसवी सन २०० च्या सुमारास, मॅसिडोनियातील कोळी गळाभोवती लाल लोकर गुंडाळून त्यास कोंबड्याची पिसे बांधतात व नदीतील ठिपकेदार मासे धरतात, असे वर्णन केले आहे. गळाने मासा धरण्याची विद्या आपल्याकडेही राजदरबारी पोचलेली होती. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या नावावरील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांस घालावयाचे खाद्य आणि गळाची साधने यांचा विचार त्यात केलेला आढळतो. मराठी भाषेच्या जुन्या खुणा मिळतात म्हणून हा ग्रंथ आपल्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यातील हा विनोद मात्र सहसा कोणी उघडून पाहत नाही.

आपल्याकडील गरवण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे : वेळूची काठी, दोरा, शिशाचा तुकडा, गरी आणि गांडूळ. यात वजन दोऱ्याच्या टोकास असते व तेच दोरा ओढून नेते. फ्लाय-फिशिंगमध्ये सारे उलट आहे. पिसे आणि रेशीम बांधलेल्या त्या नखाएवढ्या गळास वजनच नसते. ते दूर फेकणार कसे? म्हणून येथे दोराच जाड व जड करतात, आणि त्याच्या पुढे टोकाकडे निमुळती होत जाणारी जवळजवळ अदृश्य नायलॉनची तार जोडतात. आठ-नऊ फूट लांबीची लवचीक काठी मागे झटकली की दोर हवेत मागे उलगडतो. तो पुरता सरळ होण्याची वाट पाहावयाची, आणि मग काठी पुढे आणून थांबवायची. गाडीवानाचा आसूड ज्याने हाती धरला आहे, त्यास हे लवकर उमजेल. नवशिक्याची चूक ठरलेली : तो वाट पाहत नाही. मागचा दोर उलगडण्यापूर्वीच पुढे झटका दिला की सारा दोर पायांशी गोळा होतो. बळ लावल्याने काही साधत नाही, उलट बिघडते.

फेकीपेक्षाही महत्त्वाचे ते उभे राहण्याचे ठिकाण. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, एखाद्या धोंड्याच्या आडोशास, संथ व वेगवान पाण्याच्या सीमेवर उभा असतो. जेथे श्रम कमी आणि वाहत येणारे खाद्य अधिक, अशी जागा तो निवडतो. त्यामुळे शिकाऱ्याने खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून यावयाचे असते. पाण्यात शिरताना प्रकाश वळत असल्याने माशास पाण्याबाहेरचे जग डोक्यावरील सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून, एका गोल खिडकीतून पाहावे तसे दिसते. वाकून, दूर राहून आलेला माणूस त्या खिडकीच्या अगदी कडेस, चेपलेला व पुसट दिसतो. काठावर ताठ उभा राहिलेला मात्र स्पष्ट दिसतो. आणि शेवटची अट अशी की फ्लाय पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. दोर ताणला जाऊन ती तसूभर जरी आडवी ओढली गेली, तरी जिवंत कीटक असा पोहत नाही हे माशास तत्काळ कळते आणि तो खाली निघून जातो.

काही वर्षांपूर्वी मार्चअखेर प्रस्तुत लेखकास बंजार तालुक्यातील गुशैणी या गावी तीन दिवस राहण्याचा योग आला. तीर्थन नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून उतरते, गुशैणी व बंजारवरून वाहत जाते आणि पुढे लारजीजवळ तिचे पाणी बियासला मिळते. हे उद्यान २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा-यादीत समाविष्ट झाले. माझ्यासोबत एक वयोवृद्ध वाटाड्या होता. आयुष्यभर त्याने नदीवरच काम केले होते. मी त्यांस चाचाजी म्हणे, ते मला साहेब म्हणत.

आपल्याकडे मासा पहाटे लागतो, या समजुतीने मी सहाला तयार होऊन बसलो. चाचाजींनी चहा मागवला. साडेसातला पुन्हा चहा. न राहवून मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, आत्ता पाण्यात हात घालून पाहा. मासा तोंड उघडणार नाही. ऊन पाण्यावर येऊ द्या." आम्ही निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते. वसंतात पाणी इतके गार असते की ऊन लागून एक-दोन अंश चढल्याखेरीज कीटकही वर येत नाहीत आणि मासाही हलत नाही. त्यामुळे साधारण अकरा ते तीन हीच खरी वेळ, हे नंतर माझ्या ध्यानात आले.

नदीवर पोचल्यावर त्यांनी काठी जोडलीच नाही. धोतर-पायजमा वर करावा तशी विजार गुडघ्यावर ओढून ते पाण्यात शिरले, दोन्ही हातांनी एक दगड उचलला व मला जवळ बोलावले. खालच्या अंगास दहा-बारा जीव वळवळत होते. त्यांतला काळपट, पाठीवरील पंखांच्या कळ्या फुगलेला एक जीव बोटाने दाखवून ते म्हणाले, "हा आज-उद्यात उडेल." मग दगड होता तसाच, तोच भाग खाली करून त्यांनी हलकेच ठेवून दिला, आणि डबी उघडून त्याच रंगाची व त्याच आकाराची फ्लाय निवडली. दगड पाहिल्यावाचून डबी उघडावयाची नाही, हा त्यांचा शिरस्ता तीनही दिवस मोडला नाही.

माझ्या पराक्रमाविषयी थोडक्यात सांगणे बरे. पहिल्या फेकीस फ्लाय मागच्या झाडात अडकली. दुसऱ्या वेळी माझी सावली डोहावर पडली आणि तळातून तीन करड्या रेघा निघून गेल्या. चाचाजींनी काही न बोलता पुढल्या डोहाची वाट धरली. दुपारी एकच्या सुमारास त्यांच्या काठीस एक मासा लागला. वीतभरच होता. त्यांनी हात आधी पाण्यात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघते व तेथे बुरशी धरते. गळाचा काटा आधीच चिमट्याने दाबून सपाट केलेला असल्याने तो चटकन सुटला. मासा पाण्याबाहेर न काढता, त्याचे तोंड प्रवाहाकडे करून त्यांनी त्यास तळहातावर धरून ठेवले. कल्ल्यांची उघडझाप नीट सुरू झाली आणि तो आपणहून निघून गेला. परवान्यावर किमान लांबी व दिवसाची संख्या छापलेली असते. त्याहून लहान मासा सोडावाच लागतो. परंतु लांबी मोजणारे तेथे कोणीही नव्हते, हे मी मुद्दाम नमूद करतो.

संध्याकाळी शेकोटीपाशी त्यांनी जे सांगितले ते मात्र सुखाचे नव्हते. काठी घेऊन येणाऱ्यांपासून नदीस भय नाही, असे ते म्हणाले. भय आहे ते रात्री येणाऱ्यांचे. ब्लीचिंग पावडरीची एक पिशवी वरच्या डोहात सोडली की खालचा सारा पट्टा पांढरा होतो. मोठे मासे गोळा करून माणसे निघून जातात. "मासे पुढल्या वर्षी वरून येतात, साहेब. दगडाखालचे यायला वेळ लागतो. तोवर आलेला मासा खाणार काय?" हिमाचल प्रदेशाचा मत्स्य अधिनियम १९७६ चा आहे, आणि विष व स्फोटके वापरण्यास तर १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासूनच मनाई आहे. पण रात्रीच्या डोहावर कायदा उभा राहत नाही, माणूस उभा राहावा लागतो.

येथे एका आक्षेपाची नोंद घेतली पाहिजे, आणि तो आक्षेप योग्य आहे. ट्राउटचे कौतुक करताना त्याने कोणाची जागा घेतली हे विसरून चालणार नाही. असेला नावाने ओळखला जाणारा हिमालयाचा स्वतःचा थंड पाण्यातला मासा याच नद्यांत राहतो. दगडांवरील शेवाळ खरवडून खाणारा हा मासा आज आंतरराष्ट्रीय यादीत असुरक्षित वर्गात गणला जातो. त्याच्या ऱ्हासास धरणे, अतिमासेमारी यांबरोबरच पिल्ले खाणारा व जागा बळकावणारा तपकिरी ट्राउटही कारण आहे. शंभराहून अधिक वर्षांनी ट्राउटला नदीबाहेर काढणे शक्य नाही. मात्र जेथे तो अद्याप पोचलेला नाही, तेथे पर्यटनाच्या मोहाने तो नेऊन सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या बाजूने हेही खरे की तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून खोऱ्यातील लोकांनी जो दीर्घ लढा दिला व ती नदी मोकळी राखली, त्यात या माशाच्या नावाचा उपयोग झाला. नदी मोकळी राहिल्याचा लाभ असेल्यालाही मिळाला. परकीय पाहुण्याच्या निमित्ताने घरच्या माणसाचे घर वाचावे, असा हा प्रकार.

घर वाचले तरी ते निर्धास्त आहे असे नव्हे. जुलै २०२३ मधील महापुरात बियासच्या खोऱ्याची जी हानी झाली ती सर्वांच्या स्मरणात आहे. तीत ट्राउट-संवर्धन करणाऱ्या अनेक शेतकऱ्यांची तळीही वाहून गेली. हिवाळी बर्फ कमी पडले की वसंतातले पाणी लवकर तापते, आणि थंड पाण्याचा मासा नदीच्या वरच्या अंगास सरकू लागतो. वर सरकण्यासही अखेर सीमा आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. सह्याद्रीच्या या बाजूस ट्राउट सोडणे निरर्थक आहे. आंबोलीची उंची सातशे मीटरच्या आतबाहेर, आणि महाबळेश्वरही चौदाशे मीटर भरत नाही. निलगिरीत तो जगला, कारण तेथील पठार दोन हजार मीटरच्या घरात आहे. चैत्र-वैशाखात आपल्या डोहांचे पाणी ट्राउटला सोसणाऱ्या मर्यादेच्या कितीतरी वर जाते. सोडलेली पिल्ले पहिला उन्हाळाच काढणार नाहीत.

पण बंदीच्या काळाचे काय? समुद्रातील यांत्रिक मासेमारीवर पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची बंदी असते व ती आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. ओढ्यांच्या बाबतीत मात्र आपली रीत नेमकी उलटी. मृगाचा पहिला पाऊस कोसळला, ओढ्यास लाल पाणी आले की गावेच्या गावे चढणीचे मासे धरण्यास लोटतात. हे मासे वर का चढतात? शेतांच्या बांधांत व उथळ ओहोळांत अंडी घालण्यासाठी. पोटात गाभोळी असलेला मासा, तोही अरुंद वाटेवर, जाळी वा खोयन लावून सर्वच्या सर्व धरला जातो. कुलूत ज्या चार महिन्यांत ट्राउटला हात लावणे गुन्हा ठरते, त्याच्याशी तुलना करावयाची, तर आपल्याकडील माशांचे ते चार महिने म्हणजे हेच पावसाळ्याचे पहिले दिवस होत. चढणीच्या माशांचे जेवण हा आपल्या लोकजीवनातील आनंदाचा भाग आहे, तो मीही लहानपणी मिटक्या मारीत उपभोगला आहे. तो पुरता बंद करा असे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु प्रत्येक ओहोळाच्या तोंडाशी अडवण न घालता एखाद-दुसरी वाट मोकळी सोडणे, पहिल्या पाण्याचे चार-पाच दिवस जाळी न लावणे, असे ठराव ग्रामसभांना करता येण्याजोगे आहेत.

असे स्वयंशासन आपणांस नवे नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडीत आणि पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथे देवस्थानाच्या डोहातले महासीर मासे पिढ्यानपिढ्या कोणी धरीत नाही. तेथे परवाना नाही, पहारेकरी नाही. मासा देवाचा आहे, एवढी एक गोष्ट पुरली. त्याच डोहाच्या थोडे खाली मात्र हे संरक्षण संपते, हाही अनुभव आहे. रामेठ्याची साल किंवा गेळाची फळे कुटून डोहात टाकण्याची जुनी रीत उन्हाळ्यात अजूनही काही भागांत ऐकू येते. आता तर तिची जागा बाजारातील कीटकनाशकांनी घेतली आहे, आणि ते पाणी खाली गुरे पितात.

शिक्षकांसाठी एक सूचना करून लेख संपवितो. चाचाजींचा दगड कोणत्याही ओढ्यावर उचलता येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, पाणी उतरलेले व वाहते असताना, सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांस गावाच्या वरच्या अंगास एका ठिकाणी व गावाच्या खालच्या अंगास दुसऱ्या ठिकाणी न्यावे. पाणी गुडघ्याखालीच असावे व सोबत दोन मोठी माणसे असावीत. प्रत्येक ठिकाणी सारख्याच आकाराचे दहा दगड उचलून त्यांखालील जीव पाण्याने भरलेल्या पांढऱ्या ताटात घ्यावेत आणि तीन तंतूंचे किती, दोन तंतूंचे किती, वाळूच्या नळीतले किती, लाल अळ्या व गांडुळासारखे किती, हे वहीत तारखेसह लिहावे. वरच्या ठिकाणी पहिल्या तीन प्रकारांची गर्दी आणि खालच्या ठिकाणी केवळ लाल अळ्या आढळल्या, तर मधल्या अंतरात ओढ्यास काय मिळते याचा शोध मुलांनीच घ्यावा व ती वही ग्रामपंचायतीपुढे ठेवावी. पुढील वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी पुन्हा मोजणी करावी. मोजून झालेले जीव ताटातून हलकेच पाण्यात सोडावेत, आणि प्रत्येक दगड उचलला होता त्याच जागी, तोच भाग खाली करून ठेवावा.